डिचोलीची शेवटची बस आणि विजेवरच्या गाडीचा उपदेश

डिचोलीकर:
काल इथे एकाने लिहिलं, "गोव्यात प्रत्येकाने विजेवरची गाडी घेतली की पेट्रोलचा प्रश्न मिटला." वाचून डोकंच फिरलं. माझी मुलगी पणजीत दुकानात कामाला आहे. दुकान साडेआठला बंद होतं. माणसं कमी दिसली की शेवटची खाजगी बस फेरीच मारत नाही. दोन वेळा ती स्टॅण्डवर रडत उभी राहिली, मग कर्ज काढून स्कूटर घेऊन दिली. घराघरांत दुचाक्या आल्या त्या हौसेने नव्हे. 2019 मध्ये मांडवीवर अटल सेतू झाला, आमच्या गावची रात्रीची बस मात्र वाढली नाही.

फोंड्याची:
दादा, दुःख कळतं. पण विजेच्या गाडीवर राग कशाला? मी तीन वर्षं फोंडा–पणजी रोज तिच्यावरच जाते. बसच्या भरवशावर राहिले असते तर नोकरी गेली असती.

वास्कोकार:
आणि ती वीज येते कुठून, बाई? कोरबा, विंध्याचलच्या वीजकेंद्रांतून, म्हणजे कोळसा! कोळसा काय असतो ते आम्हाला विचारा. मुरगाव बंदरात उतरतो, कर्नाटकच्या पोलाद कारखान्यांना जातो आणि जाता जाता आमच्या खिडक्यांवर बसतो. आई रोज सकाळी तुळशीची पानं ओल्या फडक्याने पुसायची. नोव्हेंबर 2020 मध्ये चांदर गावात आम्ही रात्री रुळांवर बसलो ते याच कोळशासाठी चाललेल्या रेल्वेच्या दुपदरीकरणाविरुद्ध.

डिचोलीकर:
रुळांचा एवढा राग का? कोकण रेल्वे 2022 पासून पूर्ण विजेवर आहे. रो-रो मालगाडीवर 1999 पासून अख्खे ट्रक चढवून नेतात, तेवढं डिझेल वाचतं.

वास्कोकार:
कोकण रेल्वे वेगळी, कर्नाटकाकडे कोळसा नेणारा मोलेच्या जंगलातला घाटमार्ग वेगळा! न वाचता लिहू नका. त्या जंगलातल्या दुपदरीकरणाची मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये रद्द केली. दुसरा रूळ कोळशासाठीच हवा होता.

फोंड्याची:
बाब, तुमच्या आईचं वाचून वाईट वाटलं, पण हिशेब ऐका. माझ्या स्कूटरला शंभर किलोमीटरला 3 युनिट लागतात. कोळशाच्या विजेचा एक युनिट म्हणजे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड. जुन्या स्कूटरला 2 लिटर पेट्रोल लागायचं, लिटरला 2.3 किलो. म्हणजे विजेवर 3 किलो आणि पेट्रोलवर साडेचारच्या वर.

वास्कोकार:
बरं, आकडा मान्य. तुळशीवरची काजळी त्यात कुठे मोजलीत?

बसवाला:
सगळे बसमालकाला शिव्या देतात म्हणून लिहितो. माझी एकच बस, पणजी–डिचोली. रात्रीच्या फेरीला आठ माणसं. त्यात डिझेल सुटत नाही, ड्रायव्हर-कंडक्टरचं तर सोडाच. तोटा मी घरातून भरू?

डिचोलीकर:
आठ? साडेआठला सुटणाऱ्या मुली मला माहीत आहेत, एकट्या आमच्या भागातल्या अकरा. बस येते की नाही याचा भरवसा नाही म्हणून त्या स्टॅण्डवर येतच नाहीत. तुम्ही महिनाभर न चुकता नऊला सोडा, पास मी गोळा करून देतो.

बसवाला:
महिन्याचे आगाऊ?

डिचोलीकर:
आगाऊ. माझ्या मुलीचा पहिला.