रॅम ९८ अंशांवर? बायोस अपडेटनंतर खोटे इशारे येताहेत का, सल्ला हवा

रात्रपाळी
नमस्कार मंडळी. एका पतसंस्थेचे दोन सारखे सर्व्हर मी सांभाळतो. शनिवारी त्यातल्या एकाचं बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर, अपडेट केलं आणि तेव्हापासून मेमरी तापल्याचे इशारे सुरू झाले. डीडीआर४ प्रकारच्या रॅमच्या आठपैकी तीन स्टिक ४१ वरून एकदम ९८ दाखवतात, पंखे पूर्ण वेगात सुटतात, दोन मिनिटांत पुन्हा ४१. खोलीत एसी चालू आहे. झाकण काढून हात लावला तर स्टिक कोमट. नवीन रॅम मागवू का? सोमवारी शाखा उघडणार, फार काळजी वाटतेय.

लोखंडी रॅक
रॅम मागवू नका. तिन्ही स्टिक एकाच सेकंदाला ५७ अंशांनी चढतात आणि तशाच उतरतात? उष्णता अशी वागत नाही. मला बायोस आणि बीएमसीची जोडी बिघडलेली दिसते.

सर्व्हरच्या डीडीआर४ स्टिकवर स्वतःचा तापमापक असतो. बीएमसी, म्हणजे बोर्डावरची देखरेखीची चिप, तो आकडा काही बोर्डांवर थेट वाचते, काहींवर प्रोसेसरमार्फत. आकडा येतो १६ बिटांचा. त्यातले वरचे तीन बिट तापमानाचे नसतातच, त्या मर्यादा ओलांडल्याच्या खुणा. त्याखाली चिन्हाचा बिट, मग बारा बिटांत तापमान, ०.०६२५ अंशाच्या पायऱ्यांनी. एवढा बारकावा असल्यावर बायोसने पाठवण्याची रीत बदलली आणि बीएमसी जुन्या रीतीने वाचत राहिली, तर भलतंच काही दिसणार.

बीएमसीशी बोलणाऱ्या आयपीएमआयटूल या प्रोग्रामच्या 'एमसी इन्फो' आदेशात बीएमसीची आवृत्ती मिळेल. बायोसच्या रिलीज नोट्समध्ये सोबत कोणती हवी ते बघा. लिनक्स असेल तर जेसी४२ ड्रायव्हरने तापमापक वेगळा वाचून पाहा. सगळ्याच बोर्डांवर ती वाट खुली नसते. आणि तुमचा दुसरा सर्व्हर जुन्या बायोसवर शांत आहे ना? तोच मोठा पुरावा.

घाटपायथा
कळकळीची विनंती, खात्री होईपर्यंत मर्यादा वाढवून इशारे गप्प करू नका. ८५ अंशांपुढे डीडीआर४ला दुप्पट वेळा रिफ्रेश, म्हणजे डेटा टिकावा म्हणून पुन्हा भरणं, लागतो, ७.८ ऐवजी दर ३.९ मायक्रोसेकंदांनी. ९८ खरं निघालं तर डेटा धोक्यात. चालू सर्व्हरचं झाकणही काढू नका, झाकण असेल तरच वारा स्टिकवरून जातो. आतलं हवा वळवणारं प्लास्टिक नीट बसलंय का, तेही मशीन बंद करून बघा.

बीएमसी अपडेट करण्याआधी इव्हेंट लॉग उतरवून ठेवा. काही बोर्डांवर सेन्सरची यादी, एसडीआर, वेगळी टाकावी लागते. ती राहिली की माणूस गोंधळतो. शेवटी दोन्ही पॉवर केबल काढून मिनिटभर थांबा, नुसत्या रीस्टार्टने बीएमसी बंद होत नाही.

रात्रपाळी
बीएमसी दोन आवृत्त्या मागे होतं! ते ९८ सांगत असताना जेसी४२ ४२ दाखवत होता. रात्री बीएमसी आणि एसडीआर दोन्ही टाकले, केबल काढून लावल्या. सकाळपासून आठही स्टिक ४० ते ४३, लॉगमध्ये एकही नवी नोंद नाही. शाखा वेळेवर उघडल्या. मनापासून आभार. दुसऱ्या सर्व्हरवर येत्या शनिवारी सगळं एकाच बैठकीत करतो.