सदतिसाव्या वर्षी दहावी: रात्रशाळा, सतरा नंबर की मुक्त विद्यालय?

सुनंदा, धायरी
नमस्कार. मी एका दवाखान्यात मावशी म्हणून काम करते. नववी झाली आणि लग्न लागलं, शाळा तिथेच सुटली. वय ३७. आता दहावी करायचीच आहे. मागच्या वर्षी एका क्लासवाल्याने 'परीक्षेला न बसता पास' सांगून आठ हजार घेतले, आता फोन उचलत नाही. गणिताची फार धास्ती वाटते. नीट मार्ग कोणता?

मंगल, कसबा पेठ
सुनंदाताई, पेपर न देता खरी गुणपत्रिका मिळत नाही, आता कुणाला एक रुपया देऊ नका. मी ४१व्या वर्षी दहावी झाले, बाजीराव रोडच्या पूना नाईट हायस्कूलमधून. दिवसभर मेसच्या पोळ्या, संध्याकाळी शाळा. गणिताचं म्हणाल तर व्याज, टक्केवारी मला भिशीमुळे येतच होती. खरा त्रास लिहिण्याचा. पहिल्या चाचणीत अर्ध्या पानातच बोटं आखडली, उत्तर येत असून पेपर कोरा राहिला. घरी येऊन रडले. मग रोज रात्री पेपरातली एक बातमी वहीत उतरवून काढायची, घड्याळ लावून. दिवाळीपर्यंत हात सुटला. तुम्ही हे आजपासून सुरू करा, प्रवेश नंतर होईल.

संतोष, हडपसर
ड्युटी पाळीची असेल तर रोजची रात्रशाळा जमणं अवघड. मग दोन रस्ते. एक, आपल्या बोर्डाचा १७ नंबरचा फॉर्म: खाजगी विद्यार्थी म्हणून ऑनलाइन भरायचा, शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. हरवला असेल तर दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्र. तोंडी आणि प्रात्यक्षिकासाठी नेमून दिलेल्या शाळेत जावं लागतं.
दुसरा, राष्ट्रीय मुक्त विद्यालय, म्हणजे एनआयओएस. माझ्या बहिणीने तिथूनच केली. वयाला वरची मर्यादा नाही, मराठी माध्यम आहे, पाच विषय. त्यात गणित घ्यायलाच हवं असं नाही, तिने गृहविज्ञान घेतलं होतं. परीक्षा वर्षातून दोनदा, पाच वर्षांत नऊ संधी. सुटलेला विषय सुटला, पुन्हा द्यावा लागत नाही. तुमच्या कामाला हेच सोयीचं पडेल.

सुनंदा, धायरी
दोघांचेही खूप आभार. माझी पाळी दर आठवड्याला बदलते, त्यामुळे मुक्त विद्यालयच बघते. दाखला भोरजवळच्या आमच्या शाळेत आहे, शनिवारी सुट्टी टाकून आणते. पण त्यावर माहेरचं नाव आहे आणि आधारवर सासरचं. अडेल का?

मंगल, कसबा पेठ
माझंही तसंच होतं. शाळेने फॉर्म दाखल्याप्रमाणे भरून घेतला, गुणपत्रिकेवर माहेरचंच नाव आलं. मी सोबत विवाह नोंदणीचा दाखला ठेवते, आजवर कुठे अडलं नाही. तुम्ही फॉर्म भरण्याआधी त्यांच्या अभ्यासकेंद्रावर दोन्ही कागद दाखवून विचारून घ्या. आणि शनिवारी शाळेत जाल तेव्हा जन्मतारीख तिथेच उभं राहून तपासा. माझ्या दाखल्यावर महिना चुकला होता, दुरुस्तीसाठी तीन खेपा झाल्या.