खडकावरच्या गोबऱ्यासाठी तंगूस (गळाची दोरी) कोणता घ्यावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी नाशिकचा. गोदावरीवर रोहू-मरळसाठी साधा ०.३५ मिमीचा नायलॉन तंगूस आजवर पुरला. दिवाळीनंतर हर्णैला मेव्हण्याकडे जातोय. तिथे खडकांवरून गोबरा लागतो म्हणे. हा मासा आमिष गिळलं की थेट कपारीत शिरतो, आणि कालवं चिकटलेल्या धारेवर दोरी घासली की संपलंच.

दुकानदार ३० पौंडी ब्रेड (३० पौंड ताण सोसणारी विणलेली दोरी) घ्या म्हणतो. ब्रेड ताणत नाही, मासा झटक्यात वर ओढता येतो, हे पटतं. पण खडकावर घासल्यावर तोच आधी तुटतो ना? म्हणून पुढे ४० पौंडी फ्लुरोकार्बन लीडर (गळाजवळचा, घासाला जास्त टिकणारा दोरीचा तुकडा) लावतोय. तो किती लांब ठेवू, हातभर की पुरुषभर? ब्रेड आणि लीडर जोडायची एफजी गाठ समुद्रवाऱ्यात मला जमेलसं वाटत नाही. त्याऐवजी डबल युनी गाठ चालेल, की फेकताना रॉडच्या रिंगांत अडकते?

शिसं बारीक तंगुसावर बांधणार, म्हणजे अडकलं तर तेवढंच जाईल. रीलच्या स्पूलवर ब्रेड घसरू नये म्हणून खाली थोडा नायलॉन गुंडाळेन.

कोकणात खडकावर गळ टाकणाऱ्यांनी जरूर सांगा. भरती-ओहोटीचं मेव्हणा बघेल, त्यात तो कुणाचं ऐकत नाही.