मदत हवी आहे: एम्प्लॉयमेंट अ‍ॅग्रीमेंटमधला नॉन-कॉम्पीट ठेवू की काढू? (अर्जंट)

अनुजा_के
सोमवारी माझी पहिली एम्प्लॉयी जॉइन होतेय आणि अ‍ॅग्रीमेंट अजून अर्धवटच आहे. टेम्प्लेटमध्ये नोकरी सोडल्यावर 1 वर्ष स्पर्धकाकडे जायचं नाही असा क्लॉज आहे, तो ठेवू का? न वापरलेली सुट्टी डिसेंबरअखेर लॅप्स होईल असंही लिहिलंय. वकिलाची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात मिळतेय, प्लीज लवकर सांगा.

मिलिंद७२
राज्य कुठलं? अमेरिकाच ना?

अनुजा_के
हो. कंपनी टेक्सासमध्ये रजिस्टर आहे, टेम्प्लेटही तिथलंच.

मिलिंद७२
मग ठेवा. मुदत, भाग आणि काम वाजवी असेल आणि तुम्ही तिला कंपनीची गोपनीय माहिती देणार असाल तर टेक्सासमध्ये चालतो. मी स्वतः सही केलीय.

नानासाहेब
त्यावर देशभर बंदी आली ना 2024 मध्ये?

मिलिंद७२
नाही हो. एफटीसीचा (अमेरिकेचं केंद्रीय व्यापार आयोग) तो नियम लागू व्हायच्या आधीच टेक्सासच्या फेडरल कोर्टाने ऑगस्ट 2024 मध्ये रद्द केला.

सायली_पी
पण ती काम कुठे बसून करणार आहे? हे कोणीच विचारलं नाही.

अनुजा_के
सॅन होजेला, घरून. त्याने काय फरक पडतो?

सायली_पी
सगळाच पडतो! कॅलिफोर्नियात नॉन-कॉम्पीट रद्दबातल असतो, बिझनेस अँड प्रोफेशन्स कोडचं कलम 16600, आणि 2024 पासून तो अ‍ॅग्रीमेंटमध्ये घालणंच बेकायदेशीर आहे, ती उलट तुमच्यावर दावा लावू शकते. टेक्सासचा कायदा लागू राहील असं लिहून सुटता येईल असं वाटत असेल तर तेही नाही, वाटाघाटीत तिचा स्वतःचा वकील नसेल तर लेबर कोड 925 प्रमाणे ती अट तिला रद्द करून घेता येते. सुट्टीचं तर मी स्वतः भोगलंय, आधीच्या कंपनीने माझी साठलेली सुट्टी अशीच लॅप्स केली आणि लेबर कमिशनरकडे गेल्यावर पैसे मिळाले. तिकडे साठलेली सुट्टी म्हणजे कमावलेला पगार. किती साठेल त्याला कॅप लावा, लॅप्स नाही.

गंधार_एम
एच-1बी व्हिसा असेल तर एलसीएमध्ये (त्या व्हिसासाठी कंपनी लेबर डिपार्टमेंटला देते तो अर्ज) घरचा पत्ता यायला हवा.

अनुजा_के
ती सिटिझन आहे.

नानासाहेब
90 दिवसांचा नोटीस पीरियड टाका सरळ. आपल्याकडे सगळे टाकतात.

मिलिंद७२
नानासाहेब, इथे अ‍ॅट-विल असतं, दोन्ही बाजूंनी कधीही सोडता येतं. सायली म्हणतात ते बरोबर आहे, मी टेक्सास धरून बोललो.

अनुजा_के
दोन्ही क्लॉज काढले. पण उद्या ती माझे क्लायंट घेऊन गेली तर?

सायली_पी
क्लायंटकडे जायचं नाही हा क्लॉजही तिथे टिकत नाही, 2008 मध्ये कॅलिफोर्निया सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय. गोपनीयतेचा क्लॉज ठेवा, ट्रेड सीक्रेट्सना संरक्षण आहे. घरचा फोन, इंटरनेट कामाला वापरणार असेल तर त्याचा वाजवी खर्च द्यावा लागतो, लेबर कोडचं कलम 2802, तेही लिहा. आणि पगार तासावर आहे की ठरलेला? तासावर असेल तर दिवसाचे 8 तास झाले की ओव्हरटाइम सुरू होतो, टेक्सासच्या टेम्प्लेटमध्ये ते नसणारच.

अनुजा_के
ठरलेला आहे. पण किती असला म्हणजे ओव्हरटाइम लागत नाही?