मदत हवी आहे: बोअरमधल्या गॅमा वर्णपटात तांबं आणि क्लोरीन वेगळं कसं काढायचं?

नमस्कार मंडळी,

बोअरमध्ये प्रोब (मोजणीचं उपकरण) सोडून तांब्याचं प्रमाण जागेवरच मोजायचं काम हाती आहे. न्यूट्रॉनचा स्रोत कॅलिफोर्नियम-252, डिटेक्टर बीजीओ (गॅमा किरण टिपणारा बिस्मथ जर्मेनेटचा स्फटिक). न्यूट्रॉन गिळला की प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठराविक ऊर्जांचे गॅमा किरण सोडतं, आणि वर्णपटात त्यांच्या रेषा दिसतात. हायड्रोजनची 2.22 एमईव्हीची (एमईव्ही हे ऊर्जेचं एकक) रेषा सुरेख येते, तिच्या आधारे खालच्या भागाचं कॅलिब्रेशन नीट बसतं.

घोडं अडलंय ते वरच्या टोकाला. तांब्याची मुख्य रेषा 7.92 ला आणि बोअरमधल्या खाऱ्या पाण्यातल्या क्लोरीनची 7.79 ला. तांब्याची दुसरी रेषा 7.64 ला आहे, पण ती नेमकी लोखंडाच्या जोडरेषेवर येऊन बसते. बीजीओच्या वर्णपटात या सगळ्यांचा मिळून एकच बसका उंचवटा दिसतो. त्यात क्लोरीन औष्णिक (म्हणजे मंदावलेले) न्यूट्रॉन भराभर गिळतं: सुमारे 33 बार्न (न्यूट्रॉन गिळण्याच्या क्षमतेचं माप), तर तांबं चारच्याही आत. गोड्या पाण्याने बोअर धुतला तरी खडकाच्या भेगांमधलं खारं पाणी उरतंच.

क्लोरीनची 6.11 ची रेषा मोजून त्या प्रमाणात वजाबाकी करावी, असा विचार आहे. पण बोअरची भिंत ढासळून व्यास बदलला की हे गणित टिकतं का? प्रोबला न्यूट्रॉन गिळणाऱ्या बोरॉनचं आवरण घातलं तर पाण्याचा वाटा कमी होईल असं वाटतं. बोरॉनची स्वतःची रेषा 0.478 ला, म्हणजे बरीच खाली आहे. प्रत्यक्षात कुणी करून पाहिलंय का? जर्मेनियम डिटेक्टरने रेषा सुट्या होतील हे मान्य, पण बोअरमध्ये तो थंड ठेवणं आणि न्यूट्रॉनच्या माऱ्यापासून जपणं कितपत जमतं?

अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावं.