मुलीचं नाव: आधी राजपत्र की आधी जन्मदाखला? लवकर सांगा

घाईत_आहे
मुलीचं नाव बदलायचंय. शाळा म्हणते राजपत्र (सरकारी गॅझेटमध्ये छापलेला नावबदल) आणा. महापालिका म्हणते राजपत्राचं इथे काही काम नाही. पासपोर्टचा अर्ज अडलाय. आधी कुठे जायचं, एवढंच सांगा. नुसतं "राजपत्र काढा" लिहिणार असाल तर नको.

कागदवाला
वय? दाखल्यावर आत्ता काय आहे? पूर्ण नाव बदलायचंय की फक्त स्पेलिंग?

माहेरवाशीण
लग्नानंतरच्या नावाला राजपत्र लागत नाही हो. आधार, पासपोर्टला विवाह नोंदणी प्रमाणपत्र पुरतं.

कागदवाला
ताई, मुलगी लहान आहे. निदान असं वाटतंय!

घाईत_आहे
दुसरीत आहे. दाखल्यावर नावाचा रकाना रिकामाच आहे. शाळेत घरातलं हाक मारायचं नाव लागलं, आधारवर तेच.

कागदवाला
मग हे पहिल्याच ओळीत यायला हवं होतं. दाखल्यापुरता हा नावबदल नाहीच, ही नावाची पहिली नोंद. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम 1969, कलम 14. बारा महिन्यांच्या आत फुकट, पुढे 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. राजपत्र नको. अर्ज मात्र जन्म जिथे नोंदला तिथल्या निबंधकाकडे, राहता तिथे नाही.

समास
अर्धं बरोबर. मूल शाळेत असेल तर निबंधक बोनाफाईड (शाळेत शिकत असल्याचं प्रमाणपत्र) मागू शकतो, आणि मग त्यावरचंच नाव दाखल्यावर चढेल. एकदा चढलं की उरतं कलम 15, आणि ते चुकीच्या नोंदीसाठी आहे, नाव आवडत नाही म्हणून नाही. दुरुस्तीसुद्धा मूळ नोंद न खोडता समासात लिहितात. म्हणून आधी राजपत्र, मग शाळेचं जनरल रजिस्टर (मुलांच्या नावांची मूळ नोंदवही), मग दाखला.

कागदवाला
सगळीकडे बोनाफाईड मागत नाहीत. आधी खिडकीवर विचारा, विनाकारण लांबचा रस्ता कशाला?

समास
शाळेचं रेकॉर्ड तरी बदलायचंच आहे ना? त्याला राजपत्र लागतंच. मुख्याध्यापकांमार्फत प्रस्ताव शिक्षण विभागाकडे जातो. हे मूल शाळेत असतानाच उरका, शाळा सोडल्यावर फार जड जातं.

घाईत_आहे
राजपत्रासाठीच्या प्रतिज्ञापत्राला 500 चा स्टॅम्प पेपर लागेल असं एजंट म्हणतो.

मुद्रांक_बहाद्दर
सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला 2004 पासून मुद्रांक शुल्क माफ आहे. स्टॅम्प पेपर विकणाऱ्यालाच ते आठवत नाही.

समास
राजपत्राचा अर्ज ऑनलाइन, मुलगी अल्पवयीन म्हणून पालकाच्या नावे. जुनं नाव शाळेच्या रजिस्टरमध्ये जसं आहे अगदी तसंच टाका, वेलांटीसकट. इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी 'आय' की 'डबल ई' हे आधी घरात ठरवा. छापून आल्यावर चूक निघाली तर पुन्हा हेलपाटे. आणि आधार सगळ्यात शेवटी: तिथे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं.

माहेरवाशीण
आईचं नाव पण मध्ये येतं ना आता?

मुद्रांक_बहाद्दर
1 मे 2024 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना ते सक्तीचं: मुलाचं, आईचं, वडिलांचं, मग आडनाव. दुसरीतल्या मुलीला लागू नाही.

घाईत_आहे
म्हणजे पासपोर्ट थांबवायचा?

कागदवाला
हो. जुन्या नावाने काढलात तर बदलायच्या यादीत आणखी एक कागद वाढेल. आणि खिडकीवर बोनाफाईड मागतात का ते आधी विचाराच.

समास
विचारा, पण तोंडी. शाळेतल्या नावाचा कागद जोडून अर्ज आत्ताच देऊन ठेवू नका.