तीव्र श्रवणदोषासाठी परवडणारे आणि ताकदीचे श्रवणयंत्र सुचवावे

मागवाल्याचा_मुलगा
नमस्कार. माझे वडील 71 वर्षांचे असून त्यांनी इचलकरंजीत 34 वर्षे यंत्रमागावर काम केले. ताज्या ऑडिओग्रामनुसार (श्रवणचाचणीच्या आलेखानुसार) उजव्या कानाचा दोष 82 आणि डाव्या कानाचा 90 डेसिबल आहे; मागांचा खडखडाट आणि वय, दोन्ही याला कारण असल्याचे डॉक्टर म्हणतात. चार वर्षांपूर्वी घेतलेले कानामागचे यंत्र त्यांच्या पानाच्या डब्यात पडून आहे, कारण कानात घालताच ते शिट्टी मारते, आणि तर्जनीचे टोक मागात गेलेले असल्यामुळे त्यातली बारीक बॅटरी त्यांना बदलता येत नाही. 25 हजारांपलीकडे जाणे आम्हाला शक्य नाही. काय घ्यावे?

कोथरूडकर
माझा अनुभव स्पष्ट सांगतो. मी फोनॅक नाईडाची जोडी 1 लाख 80 हजारांना घेतली आणि सहा वर्षांत एकदाही पश्चात्ताप झाला नाही. नातवाचा दूरध्वनी आला की आवाज थेट कानात उतरतो. स्वस्त यंत्र घेऊन दर दोन वर्षांनी बदलण्यापेक्षा एकदाच चांगली वस्तू घ्यावी, हवे तर हप्त्याने घ्यावी.

सातारची_सुमनताई
बॅटरीची अडचण असेल तर चार्जिंगचेच यंत्र घ्या. आमच्या ह्यांनी गेल्या वर्षी घेतले. रात्री डबीत ठेवले की सकाळी तयार असते, बोटांना काहीही कष्ट पडत नाहीत. दोन्ही कानांचे मिळून 70 हजार पडले.

देवगडचा_वाचक
सुमनताई, पावसाळ्यात आमच्याकडे दोन-दोन दिवस वीज नसते, तेव्हा चार्जिंगच्या यंत्राचा माणसाला काय उपयोग? मी 675 क्रमांकाचीच बॅटरी वापरतो. तिच्यावरचा निळा कागद काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्यावी आणि मगच ती यंत्रात बसवावी, हे मला दुकानदाराने तीन वर्षे सांगितले नव्हते. शिवाय दमट हवेत यंत्र रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवावे, नाहीतर नळीत पाण्याचे थेंब साचतात आणि आवाज बंद पडतो. माझे पहिले यंत्र असेच गेले.

सातारची_सुमनताई
साताऱ्यात वीज असते. मी आमच्यापुरते सांगितले.

श्रवणतज्ज्ञ_निवृत्त
मी 26 वर्षे ऑडिओलॉजिस्ट म्हणून काम केले, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. शिट्टीचा दोष बहुतेक वेळा यंत्राचा नसून कानात बसणाऱ्या साच्याचा, म्हणजे मोल्डचा असतो. ताकदीच्या यंत्राचा मोठा आवाज सैल साच्याच्या फटीतून बाहेर येतो, तोच पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि यंत्र शिट्टी मारू लागते. वयाबरोबर कानाच्या पोकळीचा आकार बदलतो, साच्याची नळी कडक होते, म्हणून चार वर्षांपूर्वीचा साचा आज बसणार नाही. नवे यंत्र घेण्याआधी कानाचे नवे माप देऊन साचा करून घ्यावा. हे काम काहीशे ते हजारभर रुपयांत होते.

यंत्र घ्यायचेच ठरले, तर ‘चॅनेल किती’, म्हणजे आवाजाचे किती पट्टे वेगवेगळे जुळवता येतात, हा प्रश्न पहिला नसावा. किंमत चॅनेलांवर चढते, ताकद चढत नाही. सर्वाधिक आवाज किती आणि वाढ किती डेसिबलची, हे विचारावे आणि वडिलांचा ऑडिओग्राम त्या यंत्राच्या पट्ट्यात बसतो का, हे कागदावर पाहावे. शब्द ओळखण्याची चाचणीही जरूर करावी. ज्या कानाला आवाज ऐकू येतो पण शब्द कळत नाहीत, त्यावर मोठा खर्च करून फारसे हाती लागत नाही.

खर्चाविषयी सांगायचे तर, दोन्ही कानांत 70 डेसिबल किंवा अधिक दोष असलेली व्यक्ती 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या व्याख्येत बसते. जिल्हा रुग्णालयातून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) काढावे. 40 टक्के वा अधिक दिव्यांगत्व आणि मर्यादित उत्पन्न असेल, तर दिव्यांगांना साहाय्यक उपकरणे देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून यंत्र मिळू शकते. मुंबईला येणे जमत असेल, तर वांद्रे रेक्लमेशन येथील अली यावर जंग या श्रवणदोषांवरील राष्ट्रीय संस्थेत तपासणी करून घ्यावी.

नाशिकचा_ग्राहक
इंटरनेटवरून कृपया काही मागवू नका. मी आईसाठी 3,500 रुपयांचे यंत्र मागवले. ते श्रवणयंत्र नव्हतेच, नुसते आवाज वाढवणारे उपकरण होते. भांडे पडले की आई कान दाबून खाली बसत असे आणि समोरचे माणूस बोलले तर मात्र तिला काही कळत नसे. विक्रेत्याने पैसे परत केले नाहीत.

कोथरूडकर
म्हणूनच मी चांगली वस्तू घ्या म्हणालो. आणि वडील तुमच्यावर अवलंबून असतील, तर जुन्या आयकर प्रणालीत दिव्यांग अवलंबितासाठीची 75 हजारांची वजावट मिळते, त्यामुळे महाग यंत्र वाटते तेवढे महाग पडत नाही.

नागपूरकर_अभियंता
90 डेसिबलला यंत्राचा उपयोग मर्यादितच असतो. कॉक्लिअर इम्प्लांटचा, म्हणजे शस्त्रक्रियेने बसवायच्या श्रवणयंत्राचा विचार करा. आणि जे काही घ्याल ते चार्जिंगचे घ्या.

मागवाल्याचा_मुलगा
सर्वांचे मनापासून आभार. निवृत्त तज्ज्ञांच्या सल्ल्याप्रमाणे चाचणी केली, तेव्हा डाव्या कानाला शब्द जवळजवळ कळत नाहीत आणि उजव्याला बऱ्यापैकी कळतात, असे निघाले. उजव्या कानाचा नवा साचा 800 रुपयांत झाला. तो जुन्या यंत्राला लावल्यावर शिट्टी थांबली, परंतु बॅटरी बदलताना ती दोनदा जमिनीवर पडली आणि वडिलांनी यंत्र पुन्हा डब्यात ठेवले.

अखेर मी इथे कुणीच न सुचवलेली वस्तू घेतली: खिशात ठेवायचे, वायरचे ताकदीचे यंत्र, साडेचार हजारांचे. त्यात पेन्सिल सेल लागतो, जो गल्लीतल्या किराणा दुकानात मिळतो, आणि आवाजाची चकती अंगठ्याने फिरवता येते. माइक खिशात आणि आवाज कानात असल्यामुळे शिट्टीही येत नाही. सदऱ्याचे कापड घासले की खरखर होते, हा दोष आहे. त्यासाठी आईने बंडीला बाहेरून सैल खिसा शिवला. वायर तुटते म्हणून एक जादा घेऊन ठेवली आहे. आज अठरावा दिवस आहे आणि यंत्र डब्यात गेलेले नाही.

श्रवणतज्ज्ञ_निवृत्त
आम्ही ही यंत्रे जुनी म्हणून बाजूला ठेवली होती, पण वडिलांच्या बोटांचा विचार आधी व्हायला हवा होता आणि तो मी केला नाही. दर सहा महिन्यांनी साचा तपासून घ्या आणि प्रमाणपत्राचा अर्ज या महिन्यातच करा.

नागपूरकर_अभियंता
वायरचे यंत्र लोकांना दिसते, याचा वडिलांना त्रास होणार नाही का?

मागवाल्याचा_मुलगा
त्यांनाच विचारले. ते म्हणाले, “वायर दिसली की लोक आपणहून मोठ्याने बोलतात.”